गेरूच्या दोन रेघा

सोमवार, ९ जानेवारी १८६५. अमरावती.

शाळा शोधण्यात सकाळ गेली. ज्याला पत्ता विचारावा तो कापसाचा भाव सांगतो!

अखेर सापडली — नत्थुजी शेठ अडत्यांच्या वखारीच्या माडीवर. वऱ्हाडात मास्तर तयार करावेत म्हणून सरकारने वर्ग काढला; त्या वर्गावर देखरेख करण्यास मला पुण्याहून डिप्टी म्हणून पाठविले; आणि वर्ग भरतो कुठे, तर खाली कापूस, वर व्याकरण. गावात दुसरी जागा भाड्याने मिळत नाही म्हणे. तिकडे अमेरिकेत लढाई, म्हणून विलायतेस आपला कापूस हवा; आणि इकडे प्रत्येक पडवीत कापसाच्या गासड्या. जिना आहे, परंतु निम्म्या पायऱ्यांवर कापूसच नांदतो. अंग चोरून चढलो. पागोटे वाचले, कपाळ वाचले नाही.

मंजूर मास्तर तीन. हजर एक — उत्तमराव, गणित शिकवितात. बाकीचे दोघे?

“सहदेव मास्तर काट्यावर गेले जी, कापूस मापाले. दुसरे दलालीत गेले.”

आपण मात्र सरस्वतीची सेवा सोडली नाहीत, असे मी कौतुकाने म्हणालो.

“मी बी जानार होतो जी. पन मले हिशेब जमत नाही.”

गणिताचे मास्तर! टिपून ठेवले.

मंगळवार, १० जानेवारी.

शाईत कापूस. वरणात कापूस. आचमनाच्या पळीत कापूस.

भाजी देण्यास वलगावची एक माळीण ठरविली — पार्बताबाई. तिला स्वच्छ शब्दांत सांगितले : काहीही आण, वांगे आणू नकोस. वांग्याने माझे मस्तक उठते.

बुधवार, ११ जानेवारी.

आज विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. पटावर आहेत त्यांतले निम्मे नाहीत. सरकी काढावयास गेले. तिथे शिष्यवृत्तीहून अधिक मिळते. एकाला पकडून विचारले, तर म्हणतो, “शिष्यवृत्तीत अर्धं पोट भरते जी, ज्वारी महागली. उरलेलं अर्धं काय विभक्तीनं भरू?” पुण्यात असे उत्तर देण्याची कोणाची छाती झाली नसती.

एक मात्र — देवीदास नावाचा, वीस-एक वर्षांचा, भिंतीशी बसलेला. विभक्ती, त्रैराशिक, भूगोल. विचारले ते आले, न विचारलेलेही आले. माझ्या पुण्याच्या वर्गातदेखील असा… (हे वाक्य खोडावे काय? राहू दे.) परंतु बंडीच्या पाठीवर वीतभर गेरूची रेघ! म्हणालो, विद्या आणि मळ एका अंगावर शोभत नाहीत. वर्ग हसला. तो हसला नाही, रडलाही नाही. फळ्यापाशी येण्यास सांगितले.

तो उठला नाही. हातांवर आला. दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेलेले.

मला कोणी सांगितले नव्हते. सांगावयास हवे होते.

हिशेब बिनचूक केला. पुन्हा हातांवर भिंतीशी गेला.

नियम स्पष्ट आहे : येथून तयार होणारा मास्तर गावोगावच्या शाळांवर जाण्याजोगा धडधाकट असावा. नियम मी केलेला नाही, मी पाळतो. अहवालात त्याचे नाव कमी करण्याची शिफारस लिहिली. अक्षर मनासारखे आले नाही. पुन्हा लिहिली.

तो जिना चढतो कसा, हे मात्र कळत नाही.

शनिवार, १४ जानेवारी.

कळले. चढत नाही!

आज मुद्दाम सर्वांच्या आधी माडीवर जाऊन बसलो. रस्त्याच्या बाजूस माल ओढून घेण्याचे मोठे दार आहे. त्यावर तुळई, तुळईला कप्पी, कप्पीवर दोर. खाली हमालांनी आरोळी दिली. दोर कुरकुरू लागला. उंबरठ्याच्या वर प्रथम एक उघडे पुस्तक आले, मग डोके, मग तरटाच्या झोळीत मांडी घातलेला देवीदास. वाचीत होता. अधांतरी पान उलटले!

“नमस्कार, डिप्टीसाहेब,” म्हणाला, आणि झोळीतून उतरून भिंतीशी गेला.

तडक खाली आलो. पुंजाराम म्हणून हमालांचा मुकादम आहे. एका हातात गेरूचे मडके, दुसऱ्यात कुंचला.

“हा काय प्रकार चालला आहे?”

“माल चढवून राहिलो जी.”

“तो सरकारचा विद्यार्थी आहे!”

“वरते जाते ना? मंग माल. छाप नाही तं दोर नाही, शेठचा कायदा हाय. बिनछापाचं काही वरते गेलं तं चोर मीच.”

छाप म्हणजे गेरूच्या रेघा. एक रेघ — कोरडा, निर्मळ माल. दोन — फुगवलेला. दिसतो मोठा, भरतो कमी. तीन — वजन वाढावे म्हणून पाणी मारलेला. काटा नंतर; आधी पुंजाराम दोराला ताण देतो, माल वीतभर उचलतो आणि रेघा ओढून मोकळा होतो. देवीदासला रोज एक.

“कोरडं पोट्टं हाय,” तो म्हणाला. अभिमानाने!

परीक्षा घेण्याचा अधिकार येथे कोणासही आहे असे दिसते.

जागीच हुकूम लिहिला : सरकारी विद्यार्थी गासडी नव्हे; ज्यास वर्गात यावयाचे त्याने जिन्याने यावे. दाराला स्वतः चिकटवला. खळ उत्तम झाली होती — थोडा कापूस होता, तरी.

सोमवार, १६ जानेवारी.

देवीदास गैरहजर. कठीण प्रश्न विचारला की वर्ग भिंतीकडे पाहतो. भिंत उत्तर देत नाही.

भाजीस वांगी आली. चूक झाली असेल.

मंगळवार, १७ जानेवारी.

वांगी.

बुधवार, १८ जानेवारी.

वांगी! हिरवी, काटेरी. उपाशी राहिलो.

गुरुवार, १९ जानेवारी.

पार्बताबाईस दारात उभी करून जाब विचारला. मला काय चालत नाही हे तुला पहिल्याच दिवशी सांगितले नव्हते काय?

“तुमाले माया पोरगा चालत नाही,” ती म्हणाली, “मंग तुमाले काय चालते न काय नाही, हे मी काहून पाहू?”

देवीदास तिचा मुलगा! येथे कोणी कोणाचा कोण हे आधी सांगत नाही.

मी म्हणालो, झोळीत घालून मनुष्य चढविणे हे लज्जास्पद आहे.

“अवो, वलगावाहून रोज भाजीच्या गाडीत आणतो मी त्याले. टोपल्यांत बसते, भोपळ्यावर पुस्तक ठेवते. त्याले लाज नाही, मले नाही, बैलाले नाही. तुमालेच काहून आली?”

नियम वाचून दाखविला.

“हे कोनं लिव्हलं?”

“सरकारने.”

“सरकार काय पायानं शिकवते?”

यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. नियमाच्या कागदाची घडी घातली. मग ती टोपली खाली ठेवून हळू आवाजात बोलली, आणि तो आवाज मला अधिक जाचला. “डिप्टीसाहेब, बसून करायचं काम एकच हाय, मास्तरकी. आज तो वाफ्यात बसून माया संगं भाजी खुडते. मी हावो तवरक ठीक. मी गेली तं मोट हाकन कोन, गाडी जुपन कोन? तुमी त्याचं नाव कापसान, मंग त्यानं आयुष्यभर कोनाच्या दारात बसाव?”

उद्धट बाई. वांगी परत नेली नाहीत.

सोमवार, २३ जानेवारी.

अकोल्याहून हुकूम. शाळाखात्याचे बडे साहेब दौऱ्यावर आहेत, शुक्रवार, ता. ३ फेब्रुवारीस अमरावतीचा वर्ग पाहतील. मास्तर व विद्यार्थी मंजुरीप्रमाणे न आढळल्यास वर्ग बंद.

आणखी एक गोष्ट, ती केवळ येथेच लिहितो. पुण्याच्या विद्यालयात एक जागा रिकामी होत आहे. ती बड्या साहेबांच्या शब्दावर मिळेल. सबब त्या दिवशी वर्गात एक स्वल्पविरामही चुकलेला दिसता कामा नये.

शुक्रवार, २७ जानेवारी.

चार दिवस विद्यार्थी गोळा करीत हिंडलो. सरकीच्या ढिगातून दोघांना हाताला धरून काढले. एक माझा विद्यार्थी नव्हताच. तरी चांगला उंच होता, वाईट वाटले.

काट्यावर सहदेव मास्तर भेटले. काट्याच्या दांडीखाली उभे राहून भाव ओरडत होते. आवाज खणखणीत, उच्चार स्पष्ट. वर्गाचे केवढे नुकसान! परत या म्हणालो. ते इतके हसले की काटा हलला.

“मोसम सरू द्या, मंग पाहू. डिप्टीसाहेब, उलट तुमीच इकडे या ना! तुमचं अक्षर मोत्यावानी. शेठच्या पेढीवर अक्षर वाचते लोक.”

पगाराचा आकडाही सांगितला. येथे लिहीत नाही. लिहिला तर पुन्हा पुन्हा वाचावासा वाटेल.

दोन मास्तरांची उणीव आहे ती आहे. त्या दिवशी व्याकरण मी स्वतः शिकवीन. देखरेख करणाऱ्याने शिकवू नये असा नियम नाही, शोधून पाहिला.

विद्यार्थी मात्र मंजुरीहून एक कमी. कोणता, ते सर्वांना ठाऊक आहे. कोणी माझ्यासमोर उच्चारीत नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी.

जिना मोकळा! नत्थुजी शेठांनी साहेबांच्या भेटीसाठी दिलेला शब्द पाळला. पायऱ्यांना कडा आहेत हे आज प्रथम दिसले.

गुरुवार, २ फेब्रुवारी.

जिना भरला.

दुपारी आभाळ आले. नांदगाव खंडेश्वराहून गाड्या आल्या. नत्थुजी शेठांनी सारा माल जिन्यात कोंबला, तळापासून तुळईपर्यंत. मांजर जाणार नाही.

“काय करू जी?” शेठ हात जोडून म्हणतात. “उघड्यावर भिजला असता तं खऱ्या मालावर तीन रेघा पडल्या असत्या. तुमचे साहेब उद्या जातीन, पन माया कापूस?”

मी कठोर शब्द वापरले. त्यांतले दोन संस्कृत होते, वाया गेले.

आता वर जाण्यास एकच मार्ग, आणि त्याच्या दारावर माझा हुकूम. स्वतः काढावयास गेलो. खळ खरोखरीच उत्तम होती. नखांनी खरवडावा लागला. हमाल बसून पाहत होते. एकानेही “मी काढू काय” म्हटले नाही.

तेथून बैलांची दमणी करून वलगावास गेलो. पार्बताबाई वाफ्यात, देवीदास बांधावर मुळे निवडीत.

“आता माल चालते काय?” ती म्हणाली.

मी देवीदासकडे पाहून म्हणालो, उद्या वर्गास यावे.

“हा हुकूम हाय का इनंती?” — तीच.

कावळे ओरडत होते. मोटेचे पाणी पाटात पडत होते. या प्रदेशात उत्तराची वाट पाहण्याची लोकांना विलक्षण सवय आहे.

“विनंती,” मी म्हणालो.

“मंग येईन तो.” निघताना तिने मेथीची जुडी हातात दिली.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी.

सर्व क्रमाने लिहितो.

पहाटेच पुंजारामला बजावले, “आज कोणतीही गोष्ट रीतीबाहेर होता कामा नये. रोज जशी होते, तशीच.” तो म्हणाला, “हो जी. रोजच्यावानी.” ‘रोज जशी होते, तशीच’ हे मीच उच्चारले. त्याला साक्षीदार आहेत.

प्रथम देवीदास गेला, मग बाकीचे, मग उत्तमराव — ते वर जाताना रामरक्षा म्हणत होते. मग मी. झोळी जमिनीवरून सुटली तेव्हा वरच्या दारातून देवीदास म्हणाला, “डोये मिटू नका जी. मिटले का जास्त फिरते.” मिटले नाहीत. वऱ्हाड वरून बरे दिसते.

माडीवर उतरलो आणि पाठीला काही ओले लागले. तेव्हा समजले. किती रेघा, म्हणून विद्यार्थ्यांना विचारले. प्रत्येक जण खिडकीबाहेर पाहू लागला. उत्तमराव म्हणाले, “राहू द्या ना जी.” स्वतःची पाठ पाहण्याची सोय देवाने केलेली नाही. उपरणे ओढून घेतले.

बडे साहेब मेण्यातून आले. देह विशाल, पांढरा कोट, आणि उजव्या पायाला वाताने सूज येऊन त्यावर हे एवढे फडके! म्हणजे जिना रिकामा असता तरी त्यांना चढवला नसता. शेठांकडून मी ज्या पायऱ्या मोकळ्या करून घेतल्या, त्या कोणासाठी? दारातून वाकून मी इंग्रजीत क्षमायाचना सुरू केली. तीन परिच्छेदांची होती. पहिल्यातच त्यांनी हात वर केला. जहाजावर चढताना असेच चढवतात म्हणाले, आणि हसत झोळीत बसले. वखारीतले सारे हमाल दोराला लागले. खालून पुंजारामचा आवाज ऐकला — “बाप्पा! दिसते त्याहून लय भरला!” त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

परीक्षा झाली. देवीदासने उत्तरे दिली ती मी छापून ठेवली असती. फळ्यापाशी बोलाविला, हातांवर गेला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या फडक्याकडे पाहिले. मी व्याकरण शिकविले. चुकलो नाही. एकदा साहेब फळ्यावरची आकडेमोड पाहण्यास वळले, तोच सगळ्या वर्गाला खोकला झाला. उत्तमरावांनाही. मी डोळे वटारले. असा शिस्तभंग!

जाताना अहवाल साहेबांच्या हाती दिला. त्यात देवीदासला कमी करण्याची शिफारस होती तशीच होती. स्वच्छ प्रत पुन्हा करण्यास वेळ नव्हता.

होता.

साहेब खाली उतरले, मेण्यात शिरण्यास वाकले, आणि त्या पांढऱ्या शुभ्र कोटाच्या पाठीवर —

तीन.

मेणा अकोल्याच्या वाटेस लागला. पुंजारामची मानगूट धरली.

“वजन पाहा ना जी! एवढं भरते तं पानी मारलंच असन. आन तुमीच म्हनले, रोजच्यावानी.”

माझ्या पाठीवर किती, हेही त्याने सांगितले. येथे लिहीत नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

दमणीने अकोल्यास निघालो. साहेबांच्या कोटासाठी, असे उत्तमरावांना सांगितले. काय करणार ते मला ठाऊक नाही. घरचे लिंबू व रिठे बरोबर घेतले आहेत.

देवीदासला अहवालाविषयी काही ठाऊक नाही. निघताना म्हणाला, “साहेबांले आमचा वर्ग आवडला असन ना जी?”

सोमवार, ६ फेब्रुवारी. अकोला.

उशीर झाला होता. साहेब तोच कोट घालून शनिवारी अंमलदारांच्या खान्यास गेले आणि काल कापसाच्या बाजारातून फिरून आले. बाजारात त्यांच्या मागे माणसे जमली होती म्हणे. आदराने नव्हे.

बंगल्यावर कोट खुंटीस टांगलेला, पाठ माझ्याकडे. गेरू धुतल्याने फक्त पसरला होता. लिंबू खिशातच ठेवले.

“ही खूण कसली?”

“वखारीची, साहेब. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर करतात.”

“तिचा अर्थ?”

पुण्याची जागा डोळ्यांसमोर आली. मी म्हणालो, “जितक्या रेघा अधिक, तितका माल उत्तम.” इतके शुद्ध इंग्रजी वाक्य मी क्वचित बोललो असेन, आणि इतके खोटे कधीच नाही.

साहेब प्रसन्न झाले. कोटाकडे पुन्हा प्रेमाने पाहिले. मग माझा अहवाल उघडला.

“त्या पांगळ्या विद्यार्थ्याला एकच रेघ होती. तुमचीही शिफारस त्याला काढावा अशीच आहे. तुमचे आणि तुमच्या हमालाचे मत जुळते तर!” टाक दौतीत बुडविला.

टाकाच्या टोकाला शाई जमली. थेंब पडण्याइतकी. मला वलगावचा बांध दिसला, निवडलेले मुळे दिसले. आणि भोपळ्यावर ठेवलेले पुस्तक, जे मी कधी पाहिलेही नाही.

“थांबा, साहेब.”

थांबले.

“एक रेघ म्हणजे सर्वांत उत्तम. कोरडा, निर्मळ. तो रोज एकच घेऊन वर येतो.”

“आणि तीन?”

“पाणी मारलेला माल.”

पंखा ओढणारा थांबला. तो पुन्हा ओढू लागला.

“दोन?” साहेब म्हणाले. “तुम्ही फळ्याकडे वळलात तेव्हा तुमचे उपरणे सरकले होते.”

“फुगवलेला,” मी म्हणालो. “दिसतो मोठा, भरतो कमी.”

“पुन्हा सांगा.”

पुन्हा सांगितले. क्रियापदासकट.

“आणि ही शिफारस?”

“अक्षर स्वच्छ आहे, साहेब. मजकूर चुकीचा आहे. दोर आहे तोवर तो येतो, आणि तळमजला दिलात तर दोराचीही गरज नाही. गावोगाव फिरणारे मास्तर मी तुम्हाला पुष्कळ दाखवीन. ते काट्यापर्यंत फिरत गेले आहेत.”

हे शेवटचे वाक्य मी का बोललो, कळत नाही. वऱ्हाडचे पाणी असावे.

साहेबांनी टाक खाली ठेवला. अहवाल मिटला. “जा,” म्हणाले. एवढेच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी. मूर्तिजापूर.

पुण्याची जागा गेली. दमणीवाला विचारतो, अकोल्यास काम झाले काय. रिठे त्याला देऊन टाकले.

सोमवार, १३ फेब्रुवारी. अमरावती.

हुकूम नाही. देवीदास रोज येतो. मी दारात उभा असतो. आज झोळी वर येताना थोडी फिरली, तेव्हा न सांगता हात पुढे केला. त्याने पुस्तक हातात दिले, स्वतः उतरला.

पार्बताबाई आज काही बोलली नाही. मेथी, मुळा, पुन्हा मेथी. वांगे नाही. तिने कोणाकडून काय ऐकले असेल?

उत्तमरावांना त्रैराशिक शिकवीत आहे, वर्ग सुटल्यावर, दार लावून.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी.

जिना मोकळा झाला.

सोमवार, २० फेब्रुवारी.

हुकूम आला. वर्ग चालू राहील. मोसम संपताच शेठांनी तळमजला द्यावा. देवीदासची शिष्यवृत्ती कायम. परीक्षा उतरल्यावर याच वर्गावर तिसरा मास्तर. गावोगाव फिरण्याची अट त्यास नाही. दुसऱ्या मास्तराच्या रिकाम्या जागी — मी. देखरेखीस अकोल्याहून कोणी येईल.

जिना मोकळा असूनही दोराने वर गेलो. पुंजारामला म्हणालो, नीट उचलून पाहा, घाई नको. त्याने पुष्कळ वेळ ताण देऊन पाहिले. वर पोहोचल्यावर उत्तमरावांकडे पाठ केली आणि विचारले, किती?

त्यांचे गणित प्रथमच बरोबर आले. दोन.